आमच्या दोन सीटा

लोकांच्या घरी रद्दी साठते, माझ्याकडे किस्से साठले. माझा इलाज नव्हता. फार्मसी कॉलेजच्या ॲडमिशनच्या खिडकीत बसायची नोकरी होती माझी. खिडकी केवढी? दीड फूट बाय एक फूट. पण तेवढ्यातून सगळा चंद्रपूर अन् गडचिरोली जिल्हा डोकं घालून बोलायचा आणि जाताना एखादा किस्सा आत टाकून जायचा! आता आम्ही जुने स्टाफवाले कोणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठते, आमचा कोपरा उठत नाही. "रामटेके बाई, तो जनावरांच्या डॉक्टरचा सांगा नं!" अशी फर्माईश येते. मी आधी नाही म्हणते, मग सांगते. नाही म्हटल्याशिवाय सांगण्यात मजा नाही.

तर ऐका. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाचं हे. आमचं कॉलेज चंद्रपुरात, भाड्याच्या इमारतीत. मागे कोळशाची वखार. सकाळी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत गेलेला पोरगा संध्याकाळी राखाडी कोट घालून बाहेर यायचा. पण कॉलेज डिग्रीचं होतं! बी. फार्मसी! आमच्या भागातल्या पोरांना त्याआधी त्यासाठी नागपूर गाठावं लागायचं.

सीटा एकूण तीस. बारावी सायन्सचे मार्क बघून लिस्ट लागायची. मग मार्कशीट, टी. सी., रहिवासी दाखला, जातीचा दाखला, फिटनेसचं सर्टिफिकेट, सगळं ओरिजिनल घेऊन पोरानं पालकासोबत स्वतः खिडकीत यायचं आणि शेवटच्या तारखेला पाचच्या आत दोघांनी सही करायची. पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिटानं कोण्या पुढाऱ्याचा भाचा आला तरी मी खिडकी लावून घ्यायची. "बाई भल्ली कडक हाय," असं लोक म्हणायचे. होतीच मी कडक! राजुऱ्याकडच्या खाणीत माझ्या बापानं कोळसा उचलला, तेव्हा मी बी. ए. झाले. आमच्या वस्तीतली पहिली पोरगी. ती खिडकी मला कोणी आंदण दिली नव्हती.

* * *

तीसपैकी दोन सीटा आदिवासींसाठी राखीव होत्या. पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी फॉर्म किती आले? एकही नाही. तारीख संपली, नियमाप्रमाणे त्या सीटा दुसऱ्यांना गेल्या, मी लिस्ट टाइप केली आणि टांगायला सोमाभाऊकडे दिली.

सोमाभाऊ म्हणजे सोमा कुमरे, आमचा शिपाई. कुरखेड्याकडचा गोंड माणूस. अंगानं काडी, आवाज खालचा, पण कामाला वाघ. त्यानं लिस्टवरून बोट फिरवलं, परत फिरवलं आणि खिडकीत आला.

"बाई, आमच्या दोन सीटा कुठी गेल्या?"

"फॉर्मच नाही आला, सोमाभाऊ."

"काऊन नाई आला?"

मी जरा तापले. सकाळपासून टाइप करून बोटं दुखत होती. म्हटलं, "मला काय विचारता? पेपरात जाहिरात दिली होती. तुमच्याकडे पेपर येत नाही का?"

"येते नं जी," तो शांतपणे म्हणाला. "पण त्यात मुरमुरे असते!"

मी हसले, तो नाही हसला. म्हणाला, "माही यशोदा आठवीत हाय. ती बारावी होईल, तेव्हा त्या सीटा जाग्यावर पायजे बाई." 

यशोदा त्याची एकुलती एक पोरगी. सुटीच्या दिवशी बापाला डबा घेऊन यायची आणि प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून बाटल्यांवरची नावं वाचायची. ज्या टेबलावर आपण फडकं मारतो, त्या टेबलाशी आपली पोरगी कोट घालून उभी राहावी, एवढंच सोमाभाऊला पाहिजे होतं. बाकी त्याला ना पगारवाढ पाहिजे होती, ना क्वार्टर.

* * *

दुसऱ्या वर्षी सोमाभाऊनं आठ दिवसांची रजा टाकली. रजेचं कारण: बाजार.

आमचे प्राचार्य पुण्याकडचे. शुद्ध बोलायचे, शुद्ध लिहायचे, चहातसुद्धा त्यांना साखर शुद्ध पाहिजे असायची. त्यांनी विचारलं, "सोमा, आठ दिवस कसला बाजार?"

"सोमवारी एका गावचा असते सर, मंगळवारी दुसऱ्या गावचा. असे आठ."

कोरे फॉर्म पिशवीत घालून हा माणूस बाजार करत फिरला! कुरखेड्याच्या बाजारात सुकटवाली आणि मडकीवाला यांच्या मधात जागा धरली, गोणपाट टाकलं, त्यावर फॉर्म मांडले, वर दगड ठेवला. "बारावी सायन्स कोणी हाय का? बारावी सायन्स!"

एक म्हातारी थांबली. "कायचे कागद होय रे?"

"दवाई बनवाच्या कॉलेजचे, आजी. बारावी पास पोट्ट्याले लागते."

"माहा नातू तिसरीत हाय."

"मंग तुले नाई लागत."

"दे इकडं," म्हातारीनं हात पुढे केला. "तिसरीतून बारावी व्हाले का भल्ला वेळ लागते?"

दिला त्यानं! येऊन मला प्रामाणिकपणे हिशेबही दिला: एक फॉर्म ॲडव्हान्समध्ये गेला. त्या वर्षी आदिवासींचे फॉर्म आले दोन. सीटा दोन, फॉर्म दोन. मी ती नावं टाइप केली तेव्हा टाइपरायटरच्या कळा जरा जोरातच दाबल्या असतील, कारण कागदाला भोक पडलं होतं. यशोदा तेव्हा नववीत होती.

* * *

फार्मसी म्हणजे काय, हे तेव्हा आमच्याकडे सांगावं लागायचं. राजुऱ्याकडचे एक शेतकरी पोराला घेऊन आले. धोतर, टोपी, हातात छत्री. पोरगा हुशार होता, मार्क चांगले होते. म्हाताऱ्याला सही करायची घाई नव्हती. आधी प्राचार्यांना भेटायचं होतं.

"साहेब, हे शिकून माहा पोरगा सुई देईल का?"

"नाही, इंजेक्शन डॉक्टर देतात."

"नाडी पाहील?"

"नाही. तीही डॉक्टरच पाहतात."

"मंग हा काय करन?"

"औषध तयार करील. कोणत्या औषधात काय किती घालायचं, ते रोग्याला बाधणार तर नाही, ते तपासून पाहणं, हे सगळं फार्मासिस्टचं काम."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "म्हंजे मेहनत याची, अन् नाव डॉक्टरचं?"

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, वीस वर्षं झाली मला या धंद्यात. इतक्या थोडक्यात मलाही कोणी समजावून सांगितलं नव्हतं."

"मंग घ्या भरती करून," म्हातारा म्हणाला. "आमी कास्तकार लोक. आमच्या घरची रीतच ते हाय!"

* * *

आता तो जनावरांच्या डॉक्टरचा.

मुलचेऱ्याकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. तिथून निखिल नावाचा पोरगा आला. ओपनमधून, आपल्या मार्कांवर, लिस्टमध्ये चौथा! बाप सोबत. बाप अर्धं बंगाली, अर्धं हिंदी बोलायचा आणि शेवटी मराठी "नं" लावायचा. कागद सगळे टापटीप. मी एकेक बघत गेले आणि फिटनेस सर्टिफिकेटवर अडकले.

सर्टिफिकेट छापील होतं, सही होती, गोल शिक्का होता. वाचलं तर काय! "रंग: सावळा. शिंगे: नाहीत. दात: पूर्ण. अंगावर जखम अथवा संसर्गजन्य रोगाचे लक्षण नाही. वाहतुकीस योग्य."

झालं असं, की त्या बाजूला माणसांच्या डॉक्टरची जागा कधीची रिकामी होती. गुरांचे डॉक्टर मात्र होते. बिचारे सांगत होते, मी जनावरांचा, मला हे जमणार नाही. पण बाप हटेना. "डॉक्टर तो डॉक्टर होता है नं!" शेवटी डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं, छाती बघितली, जीभ बघितली आणि जो फॉर्म जवळ होता तो इमानदारीनं भरून दिला.

मी तो कागद प्राचार्यांकडे नेला. त्यांनी गंभीरपणे दोनदा वाचला. "वाहतुकीस योग्य आहे म्हणतात. मग चंद्रपूरपर्यंत आणला यात त्यांचं काहीच चुकलं नाही."

निखिलला सरकारी दवाखान्यात पाठवून दुसरं सर्टिफिकेट आणवलं. चार वर्षांनी हाच पोरगा कॉलेजात पहिला आला, बरं का! निकालाच्या दिवशी पेढे घेऊन खिडकीत आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या फाइलीतलं ते पहिलं सर्टिफिकेट मला द्या नं."

"कशाला रे?"

"आपल्याला शिंगं नाहीत, असं लेखी किती लोकांजवळ असते?"

* * *

निवड मार्कांवरच व्हायची, पण प्राचार्यांना मुलाखतीची हौस. मार्क त्याचे काही नसायचे. टेबलावर एक ताट ठेवायचे, त्यात हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी, मोहाची फुलं, डिंक असं काय काय मांडलेलं. पोरानं ओळखायचं आणि उपयोग सांगायचा. शहरातली पोरं मनुका समजून मोह तोंडात टाकायची.

तिसऱ्या वर्षी कोरचीकडचा एक पोरगा आला. सोमाभाऊच्या बाजारातल्या फॉर्मवाला. पायात नवी चप्पल, ती चावत होती म्हणून हातात. ताट बघितल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. कोणतं झाड कुठं उगवतं, कधी वेचायचं, कशात भेसळ करतात, सगळं धडाधडा सांगितलं. प्राचार्य वहीत लिहून घ्यायला लागले! मुलाखत कोण कोणाची घेतोय तेच कळेना.

शेवटी प्राचार्यांनी मोहाचं फूल उचललं. "आता याचा उपयोग सांग."

पोरगा खाली बघायला लागला. मी मनात म्हटलं, अरे सांग की बाबा, आता काय झालं!

प्राचार्यांनी धीर दिला. "घाबरू नको. माहीत असेल ते सांग."

"सर," पोरगा हळूच म्हणाला, "दिवसाचा सांगू का रातचा?"

प्राचार्य एवढे हसले, एवढे हसले, की सोमाभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. यशोदा त्या वर्षी दहावीत होती.

* * *

सीटा भरायला लागल्या, तशी त्यांच्यावर नजरही पडायला लागली. मोठ्या मोठ्या लोकांना अचानक आपण आदिवासी असल्याचं आठवायला लागलं!

एक दिवस पांढरी गाडी आली. त्यातून गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या असा एक ठेकेदार उतरला, मागून पोरगा. पोराजवळ गोंड असल्याचा दाखला. शिक्का पक्का, सही पक्की. कुठून आणला देव जाणे. मला बघताच कळलं, पण कळून काय करता? कागदाला नाव ठेवायला कागदच लागतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दाखल्याच्या एका कागदासाठी माझ्या बापानं तालुक्याच्या किती चकरा मारल्या, ते मी पाहिलं होतं. आणि हा माणूस गाडीतून दाखला घेऊन उतरतो!

तेवढ्यात सोमाभाऊ पाणी घेऊन आला. एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. गोंडांत कोणी चार देवांचे असतात, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सोयरीक त्यावरूनच ठरते. दोन अनोळखी गोंड भेटले की पहिलं तेच विचारतात. शेंबडं पोरही सांगेल.

सोमाभाऊनं ग्लास हातात दिला, हात जोडले. "राम राम जी. आपले लोक भेटले, बरं वाटलं. तुमी किती देवाचे जी?"

ठेकेदारानं छाती फुगवली. "तेहतीस कोटी!"

खिडकीच्या आत मी तोंडात पदर कोंबला.

सोमाभाऊच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बाप्पा! भल्लं मोठं घराणं हाय जी तुमचं!"

मी आवाज गंभीर केला आणि सांगितलं, "साहेब, दाखला तपासणीला पाठवते. तोवर यांच्याशी सोयरिकीचं बोलून घ्या." ठेकेदारानं फॉर्म परत मागितला, गाडीत बसला. पाणीसुद्धा प्यायला नाही. यशोदा तेव्हा अकरावीत, आणि सायन्सला.

* * *

हा एक छोटासा. पासपोर्ट फोटो लागायचा फॉर्मवर. खेड्यात फोटोवाला कुठला? मग शाळेच्या ग्रुप फोटोतून आपलं तोंड कापून चिकटवायचे. तसा एक फॉर्म आला. पोराचा चेहरा बरोबर कापलेला, पण खांद्यावर एक मोठा हात तसाच राहिला होता. घड्याळवाला.

मी खेकसले. "हा हात कोणाचा?"

"आमच्या हेडमास्तरचा, बाई."

"मग कापला का नाही?"

"मन नाई झालं," पोरगा म्हणाला. "त्याच हातानं फॉर्म भरून देल्ला नं."

मी फोटो तसाच ठेवला. नियमात फक्त चेहरा स्पष्ट पाहिजे असं होतं. हात नको असं कुठेच लिहिलं नव्हतं.

* * *

आणि आता यशोदाचं वर्ष.

यशोदा बारावी पास झाली. चांगल्या मार्कांनी! सोमाभाऊनं कॉलेजात साखर वाटली, प्राचार्यांना दोनदा दिली. मीच तिचा फॉर्म भरून घेतला. कागद सगळे चोख. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की यशोदाची सीट पक्की.

फॉर्म मोजले तर दोन सीटांसाठी अकरा! पाच वर्षं हा माणूस बाजारोबाजार हिंडला होता नं. अकरातले आठ त्यानंच स्वतःच्या हातानं वाटलेले. मार्क लावले. पहिली एक पोरगी, कुरखेड्याचीच. दुसरा दसरू पोटावी, भामरागडच्याही पलीकडच्या गावचा. आणि वेटिंगमध्ये पहिली यशोदा कुमरे. तीन मार्कांनी गेली.

लिस्ट टाइप केली. सोमाभाऊच्या हातात लिस्ट द्यायची तरी कशी? दिली. त्यानं नेहमीसारखं बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आमच्या सीटांवर वेटिंग लागली!" आणि हसला. खरंच हसला. आत काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक, पण लिस्ट त्यानं सरळ टांगली. चारी कोपऱ्यांत टाचण्या लावून.

सही करायला तीन दिवस होते. कुरखेड्याची पोरगी पहिल्याच दिवशी येऊन गेली. दसरू पहिल्या दिवशी नाही आला, दुसऱ्या दिवशी नाही आला. आम्ही पत्र पाठवलं होतं, तार केली होती. पण तिकडे नद्यांना पूर, रस्ते बंद, तार पोचली की नाही कोणाला ठाऊक! तिसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्य स्वतः खिडकीपाशी आले. "सोमा, मुलीला बोलावून घे. पाचपर्यंत तो आला नाही तर प्रवेश तिचा. नियमानंच."

यशोदा आली. नवी साडी, दोन वेण्या, मांडीवर कागदांची पिशवी. व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तीन वाजले. चार वाजले. आमचा अख्खा स्टाफ काही ना काही काम काढून व्हरांड्यातून चकरा मारत होता आणि घड्याळ बघत होता.

चारला सोमाभाऊ खिडकीत आला. "बाई, मी स्टँडवर जाऊन येतो."

"आज? आता? पोरीजवळ बसा गुमान!"

"तिकडची, आलापल्लीची गाडी याचा टाइम झाला. पोट्टा असन त्यात तर? त्यानं कधी चंद्रपूर नाई पाह्यलं. कॉलेज म्हटलं की रिक्षावाले त्याले भलतीकडंच धाडते."

"धाडू द्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. हो, गेलं. खोटं कशाला बोलू?

त्यानं सायकल काढली आणि गेला. मी यशोदाकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

साडेचार झाले. पावणेपाच झाले. प्राचार्य बाहेर येऊन उभे राहिले. मी यशोदाचा फॉर्म वर काढून ठेवला, पेनात शाई भरली. पाचला दहा कमी असताना फाटकातून सायकल आत आली. सोमाभाऊ घामाघूम, आणि पुढच्या दांडीवर एक पोरगा! गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरचा सदरा ओला, आणि पोटाशी खताच्या थैलीचं प्लास्टिक घट्ट बांधलेलं. दीड दिवस पायी चालून पोरानं रस्ता गाठला होता.

मला सोमाभाऊचा असा राग आला, असा राग आला! आणि त्याच वेळी वाटलं, उठून त्याच्या पाया पडावं. दोन्ही वाटलं.

"कागद," मी दसरूला म्हटलं.

त्यानं गाठ सोडली. एकेक कागद काढला. सगळे कोरडे! पोरगा सगळा भिजला होता, कागद एक नाही. मार्कशीट, टी. सी., दाखले. मी प्रत्येक कागद नीट बघितला. नेहमीपेक्षा जास्त नीट. एखादा कमी निघावा, असं मनात येत होतं. आले होते विचार, कबूल करते. सगळे होते. मग मी फॉर्मच्या शेवटच्या पानावर आले.

"पालकाची सही पाहिजे. इथं, माझ्यासमोर."

दसरू घाबरला. "बाबा नदीच्या तिकडंच राह्यले बाई. डोंग्यात एकाच जनाची जागा होती."

पालक नाही, तर फॉर्म अपुरा. फॉर्म अपुरा, तर प्रवेश नाही. पाचला चार मिनिटं होती. मी पेन खाली ठेवलं. बाकावरून यशोदा उठून उभी राहिली होती.

सोमाभाऊनं खिडकीतून हात आत घातला आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "बाई, खाली दुसरी ओळ हाय नं. स्थानिक पालक."

पाच वर्षं फॉर्म वाटले होते त्यानं. त्याला तो पाठ होता.

"कोण करेल सही?" मी विचारलं.

"मी करतो नं."

मी प्राचार्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "नियमात बसतं, बाई." आणि तोंड फिरवून उभे राहिले.

सोमाभाऊनं पेन घेतलं. सोमा लालू कुमरे, अक्षर अक्षर लावून सही केली. पुढे रकाना होता. मी म्हटलं, "नातं लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिहा, गाववाला."

"अहो, तुमचं गाव कुरखेड्याकडं, त्याचं भामरागडाच्या पलीकडं! गाववाला कुठला?"

"लिहा नं बाई! पाच वाजून राह्यले!"

लिहिलं. दसरूनं सही केली, मी सही केली, शिक्का मारला. पाचचे ठोके पडले आणि मी खिडकी लावून घेतली. मग दारातून बाहेर व्हरांड्यात आले. सगळा स्टाफ पुतळ्यासारखा उभा. सोमाभाऊ सायकलचं कुलूप लावत होता, ते त्याला लागत नव्हतं.

यशोदानं आपली पिशवी काखेत मारली आणि सरळ दसरूकडे गेली. तो दोन पावलं मागे सरला. मला वाटलं, आता ही रडते, नाहीतर भांडते. दोन्हीचा तिला हक्क होता.

ती त्याच्यापुढे उभी राहिली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पुस्तकं जपून वापरजो," ती म्हणाली. "पानं दुमडू नोको. पुढल्या वर्षी मले लागतील!"